चाकण ते चिंचवड, व्हाया चुन्याची निवळी

नातवंडं काश्मीरचे फोटो टाकतात. मी चाकण-चिंचवडचं लिहिणार, हसायचं तर हसा! पन्नासच्या दशकातली गोष्ट. चाकणला तेव्हा कंपन्या कुठल्या, नुसते कांदे. मी सातवीत होते आणि आमच्या आबांनी, म्हणजे वडिलांनी, निक्षून सांगितलं होतं, "चिंचवडच्या विज्ञान प्रदर्शनात नंबर आणलास तर आठवीला घालीन. न्हाईतर कांदं काढाय यायचं."

निघायच्या सकाळी आईने शाळेच्या एकुलत्या एका काचेच्या भांड्याला हळदीचं बोट लावलं, दसऱ्याला नांगराला लावतात तसं. अवजार पुजल्याबिगर कामाला जायचं कसं? गुरुजी रागावतील म्हणून बोट आतून, तळाशी. मी बघितलं, पण आईपुढे बोलायची काय बिशाद!

भोसरीपर्यंत एसटी, पुढे बैलगाडी. मी, आबा आणि गुरुजी. मोशीला इंजिनात पाणी घालायला गाडी थांबली, तेवढ्यात गुरुजींनी इंद्रायणीच्या वाळूत चुंबक फिरवलं. त्याला काळे कण चिकटले. "आपल्या काळ्या खडकाचाच हा चुरा, यात लोखंड आहे," गुरुजी म्हणाले. आबांनी चुंबक हातात घेऊन स्वतःच दोनदा फिरवून बघितलं. (आज जाणार असाल तर शिफ्ट सुटायच्या आत मोशी ओलांडा, नाहीतर बसा हॉर्न ऐकत.) गाडीतच शिदोरी सोडली. भाकरी, ठेचा, कांदा, वर लिंबू. अहाहा!

चिंचवडच्या शाळेत माझा प्रयोग साधाच होता. चुन्याच्या निवळीत नळीने फुंकायचं, उच्छ्वासातल्या वायूने ती दुधाळ होते. मी मोठ्या ऐटीत निवळी ओतली आणि फुंकायच्या आधीच ती लालसर झाली!

परीक्षक हसले. "बाई गं, दूध करणार होतीस ना?"

डोळ्यांपुढे कांद्याचं वावर दिसायला लागलं. मग भांड्याच्या तळाकडे लक्ष गेलं आणि डोक्यात लख्ख पेटलं. कुंकू कसं करतात? हळदीत चुना कालवूनच की!

"चुकलं न्हाई, साहेब," मी म्हटलं. "भांड्यात आईच्या पूजेची हळद हाय. चुना अल्क, म्हणून हळद लाल झाली. आता आम्ल घालते." उरलेलं अर्धं लिंबू पिळलं. लाल रंग पिवळा झाला. लोक गोळा झाले. परीक्षक खाली वाकून बघत राहिले. "हे कुणी शिकवलं?"

"निम्मं गुरुजींनी, निम्मं आईनं."

तरी पहिला नंबर विजेची घंटा वाजवणाऱ्या मुलाला गेला, दुसरा-तिसराही दुसऱ्यांनाच. परतताना मी गाडीत तोंड फिरवून रडत होते. माझी शाळा संपली, असंच मी धरून चालले.

आज त्या रस्त्यावर उड्डाणपूल झालेत, नदीही ओळखू येत नाही. मी पुढे तीस-एक वर्षं विज्ञान शिकवलं, आणि हो, फुशारकीच मारते आहे. पण त्या प्रवासाचं खरं मोल मला घरी पोचल्यावर कळलं. आईने दारातच विचारलं, "आला का नंबर?"

"न्हाई," आबा पटका काढत म्हणाले. "पर ही भांडं धुवाय गेली तवा साहेबानं समद्यांम्होरं इचारलं, ही पोरगी कुनाची? म्या उभा ऱ्हायलो. तिला आठवीला घालायची."