पाठमोरी साक्ष

धरमपेठेत आम्ही जिच्याकडून भाजी घेतो, ती बाई वांगी तोलतानाही रस्त्याने जाणाऱ्या पोरींच्या पाठीकडे बघत राहते. एकदा मी कारण विचारलं.

तिच्या वस्तीत बारावीतल्या एका मुलीचा खून झाला होता. मत्सरापोटी मैत्रिणीनेच मारलं, असं कोर्टाने ठरवलं, तेही या बाईच्या साक्षीवर. मैत्रीण तुरुंगात आहे आणि अजून म्हणते, मी नव्हतेच.

"म्या पळणाऱ्या पोरीची पाठच पाह्यली होती, भाऊ," बाई म्हणाली. "कोर्टात मात्र तोंड पाह्यलं असं सांगून बसली."

"मग आता तिच्या वकिलाला सांगा ना."

"सांगतलं. ते म्हणते, इतके वर्स गप्प काहून होत्या?"

हातातली मेथीची जुडी ती सोडत होती, पुन्हा बांधत होती.

"तेच मी सोताले इचारून राहिली."