नकाशा खाप्यात उतरेपर्यंत

कूलर मी लावला, हे आधीच सांगून टाकतो. नाही तर यमुताई सांगतीलच, आणि त्यांची सांगायची पट्टी जरा वरची आहे.

सत्त्याऐंशी सालचा एप्रिल. आमच्या शाळेची संगणकाची खोली म्हणजे प्रयोगशाळेमागचं जुनं कोठार, वर पत्रे. मी कूलर ओढत आणला, पाणी भरलं आणि दिसला त्या बोर्डात पिन खुपसली. आधी ओल्या वाळ्याचा गार वास आला, मग जळक्या वायरचा. फ्यूज उडाला. पंखा थांबला, टेपरेकॉर्डर घरघरून थांबला, आणि यमुताईंसमोरचा रंगीत पडदा एका ठिपक्यात आटून काळा झाला.

त्या संगणकाची वीज गेली की स्मरणशक्तीही जायची. केलेलं काम कॅसेटवर भरून ठेवावं लागे. यमुताई नेमकं तेच करत होत्या, जुन्या कामाच्याच कॅसेटवर नवं भरत होत्या. जुनं पुसलं गेलं होतं आणि नवं पुरतं चढलं नव्हतं. बाईंचं सगळ्या हिवाळ्याचं काम माझ्या वाळ्याच्या वासात गेलं.

"काहून लावला कूलर, मास्तर?"

"बोर्ड मोकळा दिसला, ताई."

"मोकळं तर तुमचं डोकंबी आहे! त्यात खुपसायची होती पिन!"

यमुताई हेडाऊ आमच्या गणिताच्या बाई. मूळच्या खाप्याच्या. कन्हानच्या काठी वडिलांचा हातमाग होता. एक धागा चुकला तर ते वीतभर विणलेला काठ उसवत, आणि उसवताना अख्ख्या आळीचा उद्धार करत. लेकीनं मागाऐवजी संगणक धरला, बाकी घराणं तेच. वर्गात त्या पुस्तकी मराठी बोलत आणि रागावल्या की खाप्याची. त्यामुळे त्यांची पुस्तकी मराठी आम्ही फारशी ऐकलेली नाही.

या वेळचा राग मात्र कूलरच्याही आधीचा होता. संगणकाबरोबर भूगोलाचे तयार धडे आले होते. बटण दाबलं की पडदाभर भारत. पुन्हा दाबलं की भारत गायब, पडदाभर महाराष्ट्र. मग तोही गायब आणि पडदाभर नागपूर जिल्हा. पोरींनी डोळे भरून पाहिलं आणि चाचणीत लिहिलं, 'नागपूर जिल्हा व भारत देश आकाराने सारखेच आहेत.' एक-दोघींनी नाही, जवळजवळ सगळ्या वर्गानं.

आम्ही शिक्षकांच्या खोलीत पोट धरून हसलो. यमुताईंनी चहाचा कप बशीत आपटला.

"हसून काय राहिले? पोरींनी जे दिसलं तेच लिहिलं. आंधळा तो नकाशा आहे!"

त्या दिवसापासून त्यांनी स्वतःचा नकाशा करायला घेतला. घार आभाळातून खाली यावी तसा भारत हळूहळू मोठा होत जायचा, कडा पडद्याबाहेर सरकायच्या, विदर्भ, मग कन्हानची रेघ, आणि शेवटी नदीकाठचा खापा. मध्ये कुठे उडी नाही, अंधार नाही.

पहिल्यांदा चित्र पुसून नवं काढताना पडदा नुसता लुकलुकला. मग बाईंनी लग्नातली युक्ती केली. पुढचं चित्र अंतरपाटाआड पुरतं सजवून तयार ठेवायचं आणि मगच अंतरपाट खाली. लुकलुक गेली, तर भारत धाडकन अंगावर येई आणि खाप्याजवळ नकाशा बैलगाडीच्या चालीनं रांगे. कारण प्रत्येक चित्राला वाढ सारखीच दिलेली. आता बघा, वाटीभर वरणात चमचाभर तूप दिसतं, पंगतीच्या पातेल्यात तेवढंच घातलं तर वाढपी शिव्या खातो. तूप पातेल्याच्या मानानं हवं. बाईंनी प्रत्येक चित्र आधीच्याच्या तितक्याच पटीनं वाढवलं, आणि नकाशा लोण्यासारखा उतरला. तो उतरलेला त्यांनी एकदाच पाहिला होता, मी कूलर घेऊन येण्यापूर्वी.

शनिवारी, संगणक आणि धडे पाठवणाऱ्या खात्याचे वरचे साहेब येणार होते. संगणकाचा शाळेला उपयोग दिसला तर राहणार, नाही तर दुसऱ्या शाळेत जाणार. मुख्याध्यापक गणपतराव हात जोडून म्हणाले, "बाई, ते तयार धडे दाखवा अन् मोकळ्या व्हा."

"जे पाहून पोरी चुकल्या तेच साहेबाले दाखवू? माझ्या नकाशाचा प्रोग्राम मी पुन्हा लिहीन."

लिहिलं त्यांनी. ते सगळं त्यांच्या डोक्यात होतं, फक्त नकाशाचे आकडे आलेखाच्या कागदावर. ते मी त्यांना वाचून सांगत होतो, कारण शिक्षा मला झाली होती. कूलर कोपऱ्यात आणि त्याची वायर यमुताईंच्या कपाटात, कुलूप लावून. पत्र्याखाली माझं भरीत होत होतं. एक आकडा चुकला आणि कन्हान नदी परस्पर मध्य प्रदेशात परत गेली.

"नदी कुठं नेऊन राहिले, मास्तर? तुमच्या सासुरवाडीले?"

शनिवारी साहेब आले. मान पुसत खुर्चीत बसले. बाईंनी बटण दाबलं. भारत वाढू लागला.

"छान, छान," साहेब म्हणाले. "मधलं गाळा. शेवट दाखवा."

"मधलंच दाखवायचं आहे," बाई म्हणाल्या. पुस्तकी मराठीत. मी घाबरलो.

साहेबांनी कोपऱ्याकडे पाहिलं. "कूलर आहे की! लावा ना." गणपतराव दुसऱ्या खोलीतली वायर घेऊन धावले. यमुताई उठल्या आणि बोर्डाला पाठ लावून उभ्या राहिल्या.

"नकाशा खाप्यात उतरेपर्यंत या बोर्डात काही लागणार नाही."

"बाई, अहो साहेब आहेत!"

"असतील. फ्यूज साहेबाले ओळखत नाही."

साहेब घामाने निथळत बसले. विदर्भ आला, कन्हान आली, काठावर खाप्याचा ठिपका फुलून गाव झाला. बाई साहेबांकडे वळल्या.

"साहेब, भारत मोठा की खापा?"

साहेब हसले.

"हसू नका. तुमच्या धड्यांनी माझ्या पोरींले हेच कळू दिलं नाही!"

साहेबांचं हसू मावळलं. त्यांनी पुन्हा एकदा नकाशा पाहिला, या वेळी मान न पुसता. जाताना म्हणाले, "मशीन राहू द्या इथेच. पण मधली उतरण कमी करा बाई, फार वेळ खाते."

जीप फाटकाबाहेर गेली तशी बाईंनी दोन कोऱ्या कॅसेटी काढल्या आणि अख्खी उतरण, एक चित्रही न गाळता, भरायला लावली. रागाने नाकाचा शेंडा अजून लाल होता. टेपरेकॉर्डर करकरत होता. माझ्या सदऱ्याचं पोतेरं झालं होतं. मी भीत भीत विचारलं, "ताई, मशीन तर राहिली. आता कूलरची वायर मिळेल का?"

"पावसाळ्यात या."