चार बोटं आत

नेवार्कच्या विमानतळावर कस्टमवाल्याने माझी बॅग उघडली आणि सांगलीच्या भडंगाची पिशवी थेट नाकाशी धरली. "व्हॉट इज धिस?" मी म्हटलं, "राइस. फ्राइड. व्हेरी स्पायसी." त्याला अशी काही शिंक आली की त्याने हातानेच मला 'जा बाई' केलं. बाहेर मानसी, माझी लेक, उभी होती. तिला वाटत होतं, आई आपल्याला भेटायला आली. ते खोटं नव्हतं, पण अर्धंच होतं. मी आले होते एका जपानी बाईची माफी मागायला.

झालं असं, की माझी नात रेवा पार्सिपनीत बॅडमिंटन शिकते. एकदा तिने फोनवर कोचबाईंचा फोटो दाखवला आणि माझा चहा हातातच राहिला. केस पिकलेले, पण हनुवटी तीच. सेत्सुको!

पस्तीस वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका मोठ्या स्पर्धेत मी रेषेवरची पंच होते, नवीकोरी. सेत्सुको जेमतेम एकोणीसची. काय पाय होते तिचे! कोर्टवर पडतात की नाही तेच कळायचं नाही. शेवटच्या गेममध्ये तिने शटल माझ्या रेषेवर मारलं आणि मी बघत होते तिच्या पायांकडे. शटल पडलेलं मला दिसलंच नाही. अशा वेळी पंचाने दोन्ही हातांनी डोळे झाकायचे असतात, 'मला दिसलं नाही' अशी ती खूण. पण एवढ्या लोकांपुढे डोळे झाकायची मला लाज वाटली. मी हात पसरले आणि ओरडले, "आउट!" सेत्सुको सामना हरली. जाताना माझ्यापुढे कमरेत वाकली आणि गेली. ते वाकणं मला आजवर पचलेलं नाही.

पुढे ती जपानची अजिंक्य खेळाडू झाली. तिची कात्रणं मी बिस्किटाच्या डब्यात ठेवली आहेत. उत्तरेकडचं बर्फाचं गाव, बापाचं सायकल दुरुस्तीचं दुकान, हिवाळ्यात बाहेर खेळता येईना म्हणून शाळेच्या हॉलमध्ये हातात घेतलेली रॅकेट. नंतर गुडघ्याची दोन ऑपरेशन्स, तरीही पुन्हा विजेतेपद. मग नवऱ्याच्या नोकरीपायी ती अमेरिकेत आली.

शनिवारी मानसीच्या घरून, पिस्कॅटवेहून, रेवाच्या क्लासला निघालो. दोन्ही बाजूंची झाडं लालभडक. मानसी ड्राइव्ह करता करता म्हणाली, "आई, एवढी गप्प का तू? बरं वाटत नाहीये का?" मी म्हटलं, "पोटात गोळा आलाय." तिने बिचारीने गोळी काढून दिली आणि हॉलपाशी आम्हाला सोडून भाजी आणायला गेली.

हॉलमध्ये शिरले ती चपला घालूनच! "आजी, नो!" रेवा किंचाळली. सेत्सुको स्वतः कोर्ट पुसत होती. फडकं ठेवून आली आणि माझ्या पायांपुढे सपाता मांडल्या. माफी मागायला आले नि पहिलं काय केलं, तर तिचं कोर्ट मळवलं. वा रे मी!

तिने डब्यातली ओनिगिरी (भाताचा त्रिकोणी गोळा, समुद्री शेवाळाच्या पट्टीत बांधलेला) दिली, मी भडंग दिलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, तरी तिने आणखी एक मूठ घेतली. माझं इंग्रजी तोडकं, तिचंही तसंच. पाठ केलेलं वाक्य कुठल्या कुठे पळालं. मग मी "पुणे" म्हटलं, स्वतःकडे बोट केलं, पंचासारखे हात पसरले. आणि नंतर दोन्ही हातांनी डोळे झाकले.

डोळ्यांवरचे हात काढायचा धीर होईना. शेजारून रेवाचा आवाज आला, "वेट. आजी, यू डिडन्ट सी इट? अँड यू कॉल्ड इट आउट?" मी तशीच म्हणाले, "हो गं राणी. खोटं बोलले मी."

माझे हात सेत्सुकोनेच खाली केले. "शटल इन," ती म्हणाली. रागाने नाही, पण स्पष्ट. "आय वॉज अँग्री. व्हेरी लाँग." मग मला रेषेपाशी नेलं, वाकली आणि रेषेच्या आत चार बोटं टेकवली. "आफ्टर पुणे, ऑल्वेज हिअर." म्हणजे ह्या बाईने उभी कारकीर्द रेषेच्या चार बोटं आत मारण्यात घालवली, कुणा पंचाला शंकाच नको म्हणून! मला रडू आवरेना.

तिने रेषेवरची खुर्ची पुढे ओढली. "गर्ल्स मॅच. प्लीज."

मी बसले. रेवा खेळत होती. शेवटच्या गुणाला तिने शटल माझ्या रेषेवर मारलं आणि माझे मेले डोळे भरलेले. मी दोन्ही हातांनी डोळे झाकले. "अगेन," सेत्सुको म्हणाली. तो गुण पुन्हा खेळला गेला आणि रेवा हरली.

परतताना गाडीत रेवा खिडकीकडे तोंड करून बसली. "आजी, इट वॉज इन!"

"असेल गं. पण मला दिसलं नाही."

घरी पोचताच ती खोलीत गेली आणि दार आपटलं. निघायच्या दिवशी मिठी मारली, पण ती घाईतली.

सांगलीला येऊन महिना झाला. काल सकाळी तिचा फोन आला. "आजी, टुडे आय वॉज द लाइन जज. माझ्या फ्रेंडचा मॅच पॉइंट होता. आय डिडन्ट सी इट, सो मी डोळे झाकले. शी लॉस्ट. आता ती माझ्याशी बोलत नाहीये."

"आणि तुझ्या बाई?"

"शी बाउड, आजी. टू मी!"

फोन ठेवला आणि मी ओट्याशी उभी राहून मनसोक्त रडले. पुण्यात मला न शोभलेलं ते वाकणं माझ्या नातीला शोभलं होतं.