आठशे फुटांचा नियम

पन्नास सालानंतरची तीन-चार वर्षं उलटली असतील. महिना फेब्रुवारीचा. नक्की तारीख माझ्या उड्डाणांच्या वहीत आहे, पण ते पान मी पुन्हा उघडलेलं नाही.

मी तेव्हा बेचाळीस वर्षांचा, दोन मुलींचा बाप. ग्लायडरच्या दोन स्पर्धांत उतरलेला, आणि कोल्हापूरच्या विमानतळावर इतरांना शिकवणारा. ग्लायडरला इंजिन नसतं. विंचच्या, म्हणजे जमिनीवरच्या दोर गुंडाळणाऱ्या यंत्राच्या, दोरीनं ओढून हजारभर फुटांवर सोडलं, की तापल्या जमिनीवरून वर चढणारी हवा शोधायची आणि तिच्यात घारीसारख्या घिरट्या घालत उंची मिळवायची. नाहीच मिळाली, तर जवळच्या शेतात उतरायचं. शोध केव्हा थांबवायचा, यावर जीव अवलंबून. त्याचं उत्तर मी प्रत्येकाकडून पाठ करून घेत असे: उंचीचा काटा आठशे फुटांवर आला की शोध बंद, शेत निवडा.

"आणि सातशे नव्वदला चांगली हवा लागली तर?" कुणीतरी विचारीच.

"तर ती दुसऱ्याची."

त्या दिवशी उचगावचा माझा एक विद्यार्थी पहिल्यांदाच एकटा लांब जाणार होता. सव्वीस वर्षांचा, शाळेत शिक्षक, घरची शेती. एकतीस मैल कापायचे होते. आठवडाभर आम्ही पूर्वेला जयसिंगपूरच्या पुढचा, नदीकाठचा सपाट मुलूख ठरवून ठेवला होता. पण सकाळी वारा पूर्वेचा निघाला, तोही जोराचा. समोरच्या वाऱ्यात एकतीस मैल होत नाहीत, हे मी कागदावर मांडून पाहिलं आणि म्हणालो, "शाहूवाडीकडं जा. वारा पाठीशी राहील." त्यानं नकाशावर नवी रेघ ओढली. उंचीचा काटा शून्यावर आहे ना, हे मी स्वतः वाकून पाहिलं.

वीस मिनिटांत त्यानं चांगली उंची घेतली. एकच्या सुमारास तो पश्चिमेला ठिपका होऊन दिसेनासा झाला.

"मास्तर, शाहूवाडीत भात खाऊनच बसतोय बघा त्यो आता," आमचा विंचवाला म्हणाला. आम्ही जीपला ट्रेलर जोडला आणि त्याला आणायला निघालो.

शाहूवाडीच्या वाटेवर एका चढाला विंचवाल्यानं गियर बदलला. इंजिन घरघरलं. आम्ही चढत होतो. काटा शून्यावर लावला होता तो आमच्या विमानतळावर. तो तिथल्यापासूनची उंची दाखवणार, खालच्या जमिनीपासूनची नाही. पूर्वेला जमीन उतरत जाते, तिकडं माझे आठशे खरोखर आठशेपेक्षा जास्तच भरत. इकडं काही ठिकाणी जमीनच पाचशे-सहाशे फूट वर. उरले दोनशे-तीनशे. तेवढ्यात शेत निवडता येत नाही. एखादं वळण होतं, बस.

मला वजाबाकी येत होती. मी ती केली नव्हती.

"जोरात घे."

"मागं ट्रेलर हाय, मास्तर. उडवू काय?"

"मी त्याला चुकीचा आकडा दिलाय."

"तुमी? आन् चुकीचा आकडा?" तो हसायला लागला. मग त्यानं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि जीप दामटली.

मी आकाशाकडं बघणं सोडून दिलं. दोन्ही बाजूंची वावरं, झाडं, ओघळी बघत होतो. हवा चांगली आहे, खाली यावंच लागलं नसेल, असं स्वतःला सांगत होतो. पण दुपार कलत होती, आणि ऊन उतरलं की हवाही उतरते.

साडेतीनच्या पुढं एका शेतकऱ्यानं हात आडवा केला. "ओ पावणं! इमान तुमचंच व्हय? पडलंय की आमच्या वावरात."

"माणूस?"

"जित्ता हाय. पर उठंना."

भाताच्या खाचराचा बांध ग्लायडरच्या नाकाला लागला होता. लोकांनी त्याला बाहेर काढून घोंगड्यावर ठेवलं होतं. डोळे उघडे होते.

"सर, आठशेला थांबलो मी. बरोब्बर आठशेला. शेत बघतोय तोवर जमीनच आली. माझं कुठं चुकलं?"

तेव्हाच सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "बोलू नकोस. नंतर बघू." कुणीतरी दाराची फळी काढून आणली. तिच्यावर घेऊन आम्ही त्याला कोल्हापूरला आणलं. सबंध वाटेत त्यानं पाय हलवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या ओसरीत त्याचे वडील भेटले. पटका हातात घेऊन उभे होते.

"कणा मोडलाय म्हणत्यात. पाय काय माघारी येत न्हाईत. पोरगं रातभर एकच म्हणतंय, माजंच चुकलं, सरांचं ऐकलं न्हाय मी. एवढं सांगा की, काय ऐकलं न्हाय त्यानं तुमचं?"

"त्यानं सगळं ऐकलं," मी म्हणालो. "चूक माझी आहे." आणि आठशेतून सहाशे कसे वजा करायचे होते, ते त्यांना सांगितलं.

त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

"मग हे त्येला सांगा," ते म्हणाले. "माज्याम्होरं सांगा. चला."

त्यांनी दार ढकललं आणि मी आत जाईपर्यंत धरून ठेवलं.