दोन मुक्कामांवरची गिताबाई

वरंधा घाटाच्या तिसऱ्या वळणावर म्हाळसाबाईनं ड्रायव्हरच्या सीटला मागून थाप मारली.

"लेकरा, थांबीव. हितं आमची मेंढरं पाणी प्यायची."

इंद्रजीतनं ब्रेक दाबेपर्यंत गाडी आणखी दोन वळणं खाली उतरली होती. म्हाळसाबाईनं मान वळवून मागच्या काचेतून बघितलं. पाणी नाही, झाड नाही, नुसता कठडा आणि त्याच्यावर बसलेली माकडं.

"गेलं," ती म्हणाली. "अरं, दिस जायाचा आमचा एवढ्या वाटंला. तू खोकला येस्तवर उतरलास व्हय!"

"आजी, घाट हाय. मधीच थांबलं तर मागनं ठोकत्यात," इंद्रजीत म्हणाला. यवतचा पोरगा, गाडी त्याची स्वतःची, आणि सकाळपासून ही सातवी थाप होती.

कोकणची ट्रीप काढली होती ती सुनेनं, सुषमानं. ऊस तुटून गेला होता, गावी कासुर्डीत दोन दिवस कुणाचं काही अडणार नव्हतं. मोबाईलवर बघून बघून तिनं यादी केली होती: पहिल्या दिवशी रायगड, दुसऱ्या दिवशी सकाळी जंजिरा, येताना घाटात व्ह्यू पॉइंट. नवरा ज्योतिबा आणि लेक स्नेहल तयारच होते. सासूला विचारलं ते आपलं रीत म्हणून. एरवी दौंडच्या दवाखान्यात न्यायचं तर चार दिवस मनधरणी करावी लागणारी म्हातारी एका शब्दात म्हणाली, "येते."

का येते ते तिनं भोर ओलांडल्यावर सांगितलं.

"मला गिताबाईकडं जायाचंय. माझं जातं हाय तिच्याकडं."

ज्योतिबा म्हणाला, "कोण गिताबाई?"

म्हाळसाबाई लग्न होऊन आली तीच मुळी चालत्या बिऱ्हाडात. दिवाळी झाली की दीडशे मेंढरं, दोन घोडी, कोंबड्या, पोरं असं सगळं घेऊन घाट उतरायचं आणि पावसाच्या तोंडावर परत चढायचं. खाली भात काढून झालेल्या खाचरांत मेंढरं बसवायची. लेंडीमुताचं खत शेतकऱ्याला, बदल्यात भात आपल्याला. अशी वीस वर्षं. बाप्ये मेंढरांमागं, आणि बाईनं घोड्यावर संसार लादून पुढच्या तळावर जाऊन चूल मांडायची. ज्योतिबाला मात्र सहा वर्षांचा झाल्यावर शाळेसाठी पाटसला आत्याकडं ठेवला, त्यामुळं त्याला ही वाट ठाऊकच नव्हती. आणि वाट ठाऊक असलेला नवरा तीन वर्षांपूर्वी गेला होता.

शेवटच्या वर्षी परतताना घोडी लंगडायला लागली. ओझं कमी करायचं म्हणून म्हाळसाबाईनं, जिच्या खाचरांत दरवर्षी मेंढरं बसायची त्या गिताबाईच्या पडवीत जातं ठेवलं. "पुढल्या दिवाळीला येते, तवा नेते," म्हणून सांगितलं. त्याच पावसाळ्यात मेंढरांत रोग शिरला. उरली ती विकली, कालव्याचं पाणी आलं, ऊस लागला. सव्वीस दिवाळ्या झाल्या. ना निरोप, ना चिठ्ठी. जात्याचं एवढं काही नव्हतं, गावात दोन गिरण्या होत्या. पण येते म्हणून सांगून ती गेली नव्हती, आणि ते तिला दर दिवाळीला पणती लावताना टोचायचं.

"गावाचं नाव सांग आज्जी, मॅपवर टाकते," स्नेहल म्हणाली.

"गिताबाईची वाडी."

"तसं काय दाखवत न्हाई. आडनाव?"

"गिताबाईला कशाला आडनाव पायजे? घाट उतरला की दोन मुक्काम."

"मुक्काम म्हंजी किती किलोमीटर?"

"मुक्काम म्हंजी मुक्काम. मेंढरं दमली की झाला मुक्काम."

स्नेहलनं फोनकडं बघितलं, मग बापाकडं. ज्योतिबानं कपाळावर हात मारला.

घाट संपला. म्हाळसाबाई काचेला नाक लावून बसली. तिला ओढा हवा होता, त्याच्या काठची तीन आंब्याची झाडं, आणि घोड्याच्या पाठीसारखा काळा कातळ. काचेतून तिला हॉटेल दिसलं, पुन्हा हॉटेल, मग पंपावरची रांग. ओढे सगळे पुलाखाली गेले होते आणि पूल तर गाडीत बसल्यावर कळतसुद्धा नव्हते. तिनं दोनदा थाप मारली. एकदा निघालं प्लॉटिंग, एकदा शाळा. दोन मुक्कामांची वाट पाऊण तासात मागं पडली आणि सुषमा सासूला म्हणाली, "आत्या, आता पुरं. रोपवेला रांग आसतीय."

रायगडावर पाळण्यातून जाताना म्हाळसाबाईनं डोळे मिटून घेतले. वर समाधीपाशी मात्र चपला काढून दगडावर डोकं टेकवलं, कनवटीचा भंडारा सोडून कपाळाला लावला. गाईड सांगत होता तो तारखा-सनावळ्यांचा पाढा तिच्या कानावरून गेला. हा गड तिनं वीस वर्षं खालून बघितला होता. सकाळी मेंढरं सोडताना बाप्ये आधी इकडं तोंड करून हात जोडायचे, मग काठी उचलायचे. गड उजव्या खांद्याला ठेवून चालायचं, एवढी तिला त्याची ओळख.

मग तिच्या डोक्यात आलं, वरून तर सगळा मुलूख दिसत असणार. ती कड्याच्या रेलिंगपाशी जाऊन उभी राहिली आणि खाली बघत राहिली. खाचरं दिसत होती, वाड्याही दिसत होत्या, पण सगळं एकसारखं, पाटीवर खडूच्या रेघा मारल्यासारखं.

"आज्जी, अशीच थांब! लय भारी व्ह्यू आलाय," स्नेहलनं मागून फोटो काढला.

"व्ह्यू न्हवं गं, वाडी हुडकतीया मी!"

पण तोवर तो फोटो कासुर्डीत सगळ्यांच्या मोबाईलवर पोचला होता.

रात्रीचं जेवण, मुक्काम, दुसऱ्या दिवशी जंजिऱ्याला जायला राजपुरीचा धक्का. सुषमानं आयुष्यात पहिल्यांदा समुद्र बघितला आणि ती हरखून धक्क्याच्या टोकापर्यंत पळत गेली. म्हाळसाबाईनंही पहिल्यांदाच बघितला. वीस हिवाळे कोकणात काढले, पण खाऱ्या पाण्याकडं मेंढरं न्यायचं कारणच पडलं नव्हतं.

"कसं वाटतंय आये?" ज्योतिबानं हौसेनं विचारलं.

"एवढं पाणी, आन् एक मेंढरू त्वांड लावायचं न्हाई. काय करायचं ह्याचं?"

शिडाच्या होडीत ती सुषमाचा दंड धरून बसली. किल्ल्याच्या दारात होडी टेकली, सगळे उड्या मारून उतरले, तिला दोघांनी उचलून घेतलं. आतल्या तोफेभोवती लोकांनी फोटोसाठी गर्दी केली, तेव्हा तिनं पाचव्यांदा विचारलं, "झालं का?" सुषमाचा बांध फुटला.

"आत्या, वरीसभर घोकलंय मी ह्या दोन दिवसांसाठी. जरा बघा तरी! पाण्यात किल्ला बांधलाय लोकांनी!"

"बघितला. चांगला हाय. पर त्यो काय उद्या कुठं जातोय? गिताबाईचं वय झालंय."

सुषमानं तोंड फिरवलं आणि एकटीच तटावर जाऊन उभी राहिली.

महाड सोडून गाडी पुन्हा घाटाच्या दिशेला लागली, तेव्हा साडेतीन झाले होते. म्हाळसाबाई काचेला चिकटली. पुन्हा थाप, पुन्हा ब्रेक, पुन्हा भलतीच जागा. तिसऱ्या वेळेला ज्योतिबा मागं वळून ओरडला.

"आये, बास! तुला दाखवायला म्हणून आणलंय आमी!"

"मला काय दाखवताय? मी एक जागा सांगतीया, ती घावंना तुमास्नी. दार उघड."

"कशाला?"

"गाडीतनं काय कळतंय मला? डोळा लवस्तवर गाव जातंय. चालत कळंल."

इंद्रजीतनं गाडी कडेला घेतली, आणि सत्तरीची म्हातारी काष्टा आवळून डांबरी रस्त्यानं चालायला लागली. मागं ज्योतिबा, हातात तिची पिशवी. त्याच्या मागं गाडी, पहिल्या गियरमध्ये. गाडीमागं एक एसटी, दोन ट्रक आणि ह्या सगळ्यांचे हॉर्न.

"आजीला म्हणावं निदान कडंनं चाला!" इंद्रजीत खिडकीतून ओरडला. "क्लचचा वास यायला लागला!"

"मी कडंनंच हाय. तूच मधी हायस," म्हाळसाबाई मागं न बघता म्हणाली.

पण पाय लागले आणि तिचं अंग जागं झालं. रस्ता चढतो कुठं, गार कुठं लागतं, वारा कुठून येतो, हे तळपायाला आठवत गेलं. अर्ध्या तासानं ती एका पुलावर थांबली, कठड्यावरून वाकून बघितलं, आणि कुणाला न विचारता बाजूच्या पायवाटेनं खाली उतरली. खाली ओढा होता. आंब्याची तीन नव्हे, दोन झाडं होती, तिसऱ्याचं खोड. आणि त्यापलीकडं काळा कातळ, घोड्याच्या पाठीसारखा.

"ह्यो बघ!" ती ज्योतिबावर खेकसली. "काल गेलास ह्याच्या डोक्यावरनं!"

वाडीत आठ-दहा घरं. शेवटच्या घराच्या पडवीत एक वाळकी म्हातारी कुळीथ पाखडत बसली होती. तिनं सूप थांबवलं. कपाळावर हात धरून बघितलं, बराच वेळ बघितलं. मग सूप पुन्हा चालू केलं.

"झाली काय गो दिवाळी?" ती म्हणाली.

वाटेत म्हाळसाबाईनं बरंच काही बोलायचं ठरवलं होतं.

"मेंढरं मेली आमची," ती म्हणाली. "रोग शिरला. मग ऊस लावला."

"मेंढरं मेली. जीभ नव्हती मेली. चार ओळींचं कार्ड नाय धाडता आलं? इतकी वर्षं लोक खाचर बघून विचारतात, तुझे धनगर कुठं गेले? मी म्हणते, येतील. सांगून गेलीय ती."

"व्हय. चुकलं माझं."

सुषमा एव्हाना चिखलातून चपला हातात धरून पोचली होती. सासूच्या तोंडून 'चुकलं' हा शब्द तिनं लग्नानंतर आज पहिल्यांदा ऐकला. ती होती तिथंच उभी राहिली.

गिताबाईनं पडवीच्या कोपऱ्याकडं बोट केलं. पोत्याखाली जातं होतं, दोन्ही दगड एकमेकांवर नीट ठेवलेले. खुंटा वाळवीनं खाल्ला होता, पण दगडावर पिठाचा कण नव्हता.

"वापरलं न्हाईस?" म्हाळसाबाईचा आवाज चढला. "सव्वीस वर्सं? अगं, दळायचं व्हतंस की! तुझं जातं तर तवाच फुटलेलं!"

"तू सांगितलंस काय, दळ म्हणून? ठेव म्हणालीस, ठेवलं. मी शेजारणीकडं जाऊन दळायची."

"माझं जातं घरात आसून?"

"परक्याच्या वस्तूला हात कसा लावायचा?"

"परकी मी? ज्योतिबा झाला तवा तीन रात्री माझ्या उशाला बसलेलीस, आन् आता परकी व्हय?"

दोघी अशा तावातावानं भांडत राहिल्या. भांडता भांडताच गिताबाईनं चहा टाकला, ज्योतिबाच्या दंडाला हात लावून "हाच काय तो?" विचारलं, त्याच्या तोंडावरून बोटं फिरवून कानशिलावर मोडली, आणि पुन्हा भांडायला वळली. निघताना म्हाळसाबाई हळूच म्हणाली, "राहू दे की जातं तुझ्याकडंच."

"नाय. ने. मला आता वाट बघायला लावू नको. माझं पण झालं वय."

ते दोन दगड पायवाटेनं वर आणताना ज्योतिबा आणि इंद्रजीत दोघांनी मिळून कोकणाला, ट्रीपला आणि दगड घडवणाऱ्याला यथेच्छ शिव्या घातल्या. डिकी बॅगांनी भरलेली, म्हणून जातं सुषमाच्या पायांशी बसलं. तिला पाय ठेवायला जागा राहिली नाही. व्ह्यू पॉइंटला पोचेपर्यंत सूर्य गेला होता, दरीत नुसता धूर दिसत होता.

"आत्या," सुषमा गुडघे जवळ घेत म्हणाली, "गिरणी तर घरामागं हाय. काय दळणार ह्याच्यावर?"

"कोण दळतंय आता!"

"मग आणलं कशाला हे धोंडं?"

"नेते म्हणून सांगितलं व्हतं."

सुषमानं डोळे मिटले. जरा वेळानं तिनं पायातली चप्पल काढली आणि अनवाणी पाय वरच्या दगडावर टेकवले. दगड गार होता.

इंद्रजीत वळणं जपून घेत होता, मागचा दगड हलू नये म्हणून. त्याच्या सीटला पुन्हा थाप बसली.

"आता काय आजी? कोण राहिलं?"

"कोण न्हाई. पळीव की जरा! आता कशाला मेंढरावानी चालवतोस?"