निम्मं आटवलेलं पाणी

शेजारच्या शालनकाकू नातवाच्या बाटलीसाठी विहिरीचं पाणी उकळतात. नुसतं उकळत नाहीत, आटवून निम्मं करतात. "बाळाला कच्चं नको गं बाई!"

वाफ निघून जाते. पण काकांनी उसाला टाकलेला युरिया जमिनीतून झिरपत विहिरीत उतरलाय, त्याचं विष वाफेबरोबर जात नाही. निम्म्या पाण्यात ते दुप्पट दाट होतं. जमिनीला कुठे आपलं-परकं कळतं? वर टाकाल ते ती खाली देते, ज्याला तहान लागेल त्याला.

मी सांगून पाहिलं. काका हसले. "अगं, युरियाशिवाय ऊस असा काळाभोर दिसेल का?"

दिसतो खरा. बघून डोळे निवतात. मागे ओसरीवर बाळाचे ओठ निळसर पडलेत. त्याला थोपटत काकू सुनेला सांगतात, "उद्यापासून पाणी अजून थोडं आटवू."