मामाजींनी नाव ठेवावं म्हणून

"डोरे फुटले का रे तुहे? हे मच्छी सकारी वैनगंगेत पोहून राहिली होती, अन् तू तिले शिळी म्हनतं?"

आवाज एवढा मोठा होता की कारध्याच्या पुलावरचे दोन ट्रक आपल्यालाच कोणी हटकलं म्हणून जागीच थांबले. भंडारा शहर संपून रस्ता नदीकडे उतरतो तिथे पत्र्याची एक शेड होती. पाटी नाही, खुर्च्या एकीला एक न जुळणाऱ्या. पायरीवर धानाच्या पोत्यासारखा एक माणूस बसला होता, खांद्यावर पंचा. समोर मच्छीवाली बाई, कमरेला पदर खोचून. ती बोलत होती आणि तो आपलं एकच काम करत होता. टोपल्यातला रोहू उचलायचा, अंगठ्याने कल्ला वर करायचा, वास घ्यायचा आणि म्हणायचं, "परत."

"पाच वर्सं झाली! रोज परत करतं अन् रोज मलेच बोलावतं!"

"परत."

मी माझ्या सासऱ्यांचा हात घट्ट धरला आणि त्यांच्या कानात म्हणालो, "मामाजी, सापडलं."

मला एवढा आनंद का झाला ते सांगायला थोडं मागे जावं लागेल.

माझे सासरे बपेरा गावाकडचे. नदीत आणि तलावात जन्मभर जाळं टाकलेला माणूस. पण पंचक्रोशीत त्यांचं नाव मासे धरण्यापेक्षा जेवणाला नावं ठेवण्यासाठी जास्त. सासूबाईंच्या हातच्या कालवणाला त्यांनी चाळीस वर्षं, एक दिवस सुट्टी न घेता, नावं ठेवली. माझ्या लग्नात, म्हणजे स्वतःच्याच मुलीच्या लग्नात, बुंदीचा पाक चुकला हे त्यांनी भर पंगतीत अशा आवाजात जाहीर केलं की आचारी झारा टाकून गावाबाहेर चालू लागला, आणि त्याला परत आणायला नवरदेवाची घोडी पाठवावी लागली. मी तोवर मांडवात पायी.

सासूबाई गेल्या आणि हा माणूस आमच्याकडे साकोलीला राहायला आला. आला तो गप्प. तसे बोलायचे, हवापाणी, बस कधी येते, सगळं बोलायचे. पण ताटाबद्दल एक अक्षर नाही. समोर येईल ते खायचं, ताट धुवायचं, ओट्यावर जाऊन बसायचं. एकदा बायकोने घाईत चहात साखरेऐवजी मीठ टाकलं. मामाजींनी पूर्ण कप प्यायला, पालथा घातला आणि उठले. मी त्याच चहाचा घोट घेतला आणि थुंकायला जागा शोधत महामार्गापर्यंत पळालो. परत येऊन पाहतो तर बायको गॅसपाशी उभी राहून रडत होती.

"बाबा आईले रोज बोलत होते," ती म्हणाली. "मले एक शब्द नाही. माह्या हातचं त्यायच्या तोंडात जाते, पन त्यायच्यापर्यंत पोचतच नाही. काहीही करा, पन बाबानं नाव ठेवलं पाहिजे."

आता नाव ठेवून घ्यायचं म्हणजे सोपं काम, असं माझ्या सुपीक डोक्याला वाटलं. वाईट जेवण आणायचं! मी मामाजींना हायवेवरच्या अशा अशा ठिकाणी नेलं की तिथले कुत्रेही घरून डबा आणत असावेत. एका धाब्यावरच्या रोटीने स्टेपनी पंक्चर झालेल्या ट्रकला नागपूरपर्यंत नेता आलं असतं. मामाजींनी दोन खाल्ल्या. मी अर्ध्या रोटीत दाढ हलवून घेतली. "कशी होती मामाजी?" तर म्हणे, "चाला, बस येईन."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं, आणि ते ध्यानात यायला माझा धंदा कामी आला. साकोलीत माझं जाळ्यांचं आणि दोराचं दुकान आहे. जो ग्राहक जाळं उजेडात धरतो, गाठ ओढून बघतो, तोंड वाकडं करतो आणि माझ्या तीन पिढ्यांचा उद्धार करतो, त्याच्याच टोपल्यात मासे असतात. 'द्या कोनतंही' म्हणणारा पुढच्या वर्षी मासे विकत घेताना दिसतो. माणूस खोड काढतो ती त्याचा ज्या गोष्टीत जीव आहे तिची. हायवेवरच्या त्या रोटीला कोण कशाला नाव ठेवेल? तिला नुसतं ढकलायचं असतं. मामाजींना बोलतं करायचं तर जेवण तेवढ्या लायकीचं पाहिजे होतं.

अशात त्यांच्या डोळ्याच्या तपासणीसाठी भंडाऱ्याला जायचं ठरलं. बायको म्हणाली, "तुमाले तं भंडाऱ्यातली हॉटेलं तोंडपाठ हायेत. चांगल्या जागी न्या."

इथे एक कबुली देऊन टाकतो. मला भंडाऱ्यातलं एकही हॉटेल माहीत नव्हतं. वीस वर्षं मी दुकानाच्या कागदपत्रांसाठी भंडाऱ्याला जातो, बसस्टँडवरून कचेरीत, कचेरीतून बसस्टँडवर, आणि दुपारी झाडाखाली बसून दोन केळी खातो. पण परत येऊन बायकोला काय सांगणार, झाडाखाली बसलो? म्हणून मी दर खेपेला एक हॉटेल बांधून आणत असे. कुठे पितळी ताटं, कुठे रस्सा असा की चमचा उभा राहावा, कुठे मालक स्वतः वारा घालतो. वीस वर्षांत मी भंडाऱ्यात एवढी हॉटेलं काढली होती की खऱ्या शहराला जागा उरली नसती. आता त्यातल्या एकात तरी सासऱ्यांना बसवायचं होतं.

दवाखान्यात डॉक्टरांनी मामाजींच्या डोळ्यांत थेंब टाकले, मोतीबिंदू पिकायला अजून वेळ आहे म्हणाले, आणि तीन तास उजेड सहन होणार नाही म्हणून काळा चष्मा दिला. धोतर, पांढऱ्या मिशा आणि वर तो काळा चष्मा! बाजारातून चाललो तर लोक बाजूला सरकायला लागले. एका दुकानदाराने उठून हात जोडले. मामाजींना काही दिसत नव्हतं, म्हणून त्यांच्या वतीने मी नमस्कार घेतला.

मग सुरू झाली शोधाशोध. मोबाईलमध्ये साडेचार तारे असलेलं एक ठिकाण दिसलं. तिथे गेलो तर शटर खाली आणि पायरीवर कुत्रं. ते तारे बहुतेक त्यालाच दिलेले. ऑटोवाल्याला विचारलं तर त्याने अर्धं शहर फिरवून आपल्या साळ्याच्या चहाच्या टपरीवर उतरवलं. 'फॅमिली' असं लिहिलेल्या एका बारमध्ये शिरलो, तिथे एवढा अंधार की मामाजी म्हणाले, "जवाई, रात झाली का?" पुढे एका दारात मोठी गर्दी दिसली. गर्दी आहे म्हणजे जेवण चांगलं, असं म्हणून मीही रांगेत उभा राहिलो. पंधरा मिनिटांनी खिडकीपाशी पोचलो तर त्यांनी माझं आधार कार्ड मागितलं.

पोटात कावळे नाही, गिधाडं ओरडत होती. घरी जाऊन काय सांगायचं याची जुळवाजुळव मी करायला लागलो होतो, तेवढ्यात ती मच्छीवाली गरजली.

आणि मला माझी जाळी आठवली. ज्याला मच्छीवाली एवढ्या शिव्या देते, तो किती खोड काढत असेल! आणि एवढं करून ती रोज त्याच्याच दारात येते!

मी पुढे झालो. "मावशी, याच्या इथं जेवन कसं हाये?"

"मी काहून सांगू? जाऊन मर तिथं!" ती म्हणाली. मग आवाज उतरवून, "झिंगे खाजो. मच्छी आतापर्यंत त्यानं घेतलीच नाही."

मालकाने अजून एक रोहू परत टाकला. थप्प आवाज झाला. माझ्या मागून, काळ्या चष्म्याच्या आडून कोणीतरी पुटपुटलं, "कालची हाये. खालची काढ म्हना तिले."

मी वळून पाहिलं. मामाजी नदीकडे तोंड करून उभे. नुसत्या आवाजावरून!

मालकाने मान वर केली. बाईने टोपल्यातली वरची पळसाची पानं बाजूला केली, ओलं पोतं सारलं आणि खालून असा रोहू काढला की त्याने शेपटी आपटून मालकाचा पंचा खाली पाडला. मालकाने कल्ला पाहिला, वास घेतला. "घेतली." मग मामाजींकडे पाहून म्हणाला, "बसा बाबाजी."

बसलो. अर्ध्या पाऊण तासात भात आला, वाटीत लाल रस्सा, त्यात रोहूचे दोन तुकडे, बाजूला झिंगे. मी घास घेतला. आता खोटं सांगत नाही, म्हणजे इतका वेळ जेवढं सांगितलं त्यापेक्षा कमी सांगतो: वीस वर्षं मी बायकोला ज्या रश्शाचं वर्णन सांगत होतो, तो हा होता.

पण मी मामाजींकडे पाहत होतो. त्यांना ताट धड दिसत नव्हतं. बोटांनी तुकडा चाचपायचे, तोंडात टाकायचे, आणि जिभेने काटा वेगळा करून ताटाच्या कडेला ठेवायचे. पहिले दोन काटे कसेही पडले. तिसऱ्यापासून ते ओळीने लागायला लागले, लहान, त्याहून मोठा, त्याहून मोठा. बपेऱ्याला सासूबाईंच्या समोर बसून ते असेच काटे लावायचे. आमच्या घरी वर्षभरात नुसता ढीग होत होता.

मी घास खाली ठेवला. मामाजी थांबले. जीभ टाळूला लावून बसले.

"हे कोनं केलं?"

"मी," मालक पायरीवरून म्हणाला.

"चिंच जुनी हाये."

शेडमध्ये सात-आठ जण जेवत होते. सगळ्यांचे हात वाटीत अडकले. मालक उठला, आणि तो उठला तेव्हा शेडमधला उजेड निम्मा झाला.

"बाबाजी, या चिंचेले आजवर कोनी..."

"कोनी सांगितलं नसंन. मी सांगून राहिलो. अन् मच्छीले मीठ लावून ठेवलं नाही. घाईत टाकली. काय गाडी सुटून राहिली होती तुही?"

"लोक नागपुरावरून येतेत माह्या इथं जेवाले!"

"तं त्यायले नागपुरातच जेवू दे!"

"बोला बाबाजी, बोला!" मच्छीवाली दारातून ओरडली. पाच वर्षांत तिला एवढा आनंद झाला नसेल. "मी म्हनत होती ना, याले काही समजत नाही!"

मामाजींनी काळा चष्मा तिच्याकडे वळवला. "तू चूप. वर शिळी अन् खाली ताजी लावतं. माह्या बायकोनं जन्मभर मच्छी विकली, कधी अशी टोपली भरली नाही."

सासूबाई गेल्यापासून त्यांच्या तोंडून 'माह्या बायकोनं' हे शब्द मी पहिल्यांदा ऐकत होतो. बाईने तोंडाला पदर लावला. हसत होती की लाजली, कळलं नाही.

मालक तणतणत आत गेला. मला वाटलं, आता उलथणं घेऊन येतो. तो दुसरी वाटी घेऊन आला. "नवी चिंच. आता सांगा."

मामाजींनी ती वाटी संपवली, कारण नीट खोड काढायची तर नीट खावं लागतं. दोन चुका निघाल्या. तिसरी वाटी आली, एकच निघाली, आणि तीही भाताची. मालक कपाळावरचा घाम पुसत होता आणि तोंडभर हसत होता. निघताना म्हणाला, "बाबाजी, पुढच्या खेपेले सकारी या. टोपली तुमीच पाहा." मामाजी म्हणाले, "पाहू," आणि नदीच्या बाजूला थोडा वेळ तोंड करून उभे राहिले.

बसमध्ये ते खिडकीला डोकं टेकून झोपले. मी बायकोला फोन लावला आणि सगळं सांगितलं. ट्रक, कुत्रं, आधार कार्ड, तीन वाट्या, सगळं. मग ती म्हणाली, "काहो, वीस वर्सं झाले तुमच्या हॉटेलाच्या गोष्टी ऐकून राहिली मी. निदान बाबाच्या बाबतीत तं खोटं बोलू नका."

फोन ठेवला. आणि मग मलाच भीती वाटली. भंडाऱ्यातलं भंडाऱ्यातच राहिलं तर? घरी पोचून माणूस पुन्हा गप्प झाला तर माझी ही एकुलती एक खरी गोष्ट कोण मानणार होतं?

संध्याकाळी साकोलीला घरी पोचलो. मामाजींनी पाय धुतले, चष्मा काढून खिशात ठेवला, पाटावर बसले. बायकोने वरण-भात वाढला. ती माझ्याकडे पाहत नव्हती. त्यांच्याकडे तर मुळीच नव्हती. नुसती हातात पळी धरून उभी.

मामाजींनी भात कालवला. एक घास खाल्ला. दुसरा खाल्ला. मी घास मोजत होतो.

"बाबा," तिने शेवटी विचारलंच, "हॉटेलात चांगलं होतं म्हनते, खरं का?"

मामाजींनी तिसरा घास गिळला.

"बरं होतं," ते म्हणाले. "हे वरन पातळ झालं."